कुरकुरीची बॅग

“कुरकुर केलीत, बाबा. बॅग पुन्हा तुमच्याकडेच.”

बाबा फलाटावरच्या पाटीकडे बघत होते. गाडी रद्द, पुढची तासाभरानं. ते एवढंच म्हणाले होते, की जन्मभर बस चालवली, पण प्रवाशांना असं वाऱ्यावर सोडलं नाही कधी. तेवढीही कुरकुर धरली गेली. त्यांनी मुकाट्यानं बॅग खांद्याला लावली.

नियम लेकीचा होता. सकाळी खोलीचं दार ओढून घेतानाच तिनं बजावलं होतं, आज काय वाट्टेल ते होऊ दे, हसतच राहायचं. जो तोंड वाकडं करेल त्यानं बॅग उचलायची. ती या परक्या देशात नोकरीला लागल्यापासून आईबाबा पहिल्यांदा आलेले, आणि तिला रजा मिळाली ती आजची एकच. उद्या त्यांचं परतीचं विमान. पुन्हा भेट कधी, हा विषय तिघांतलं कुणीच काढत नव्हतं. एक दिवस तरी गोड जावा म्हणून तिची सगळी धडपड.

दिवस मात्र हट्टालाच पेटला होता. पहिली गाडी डोळ्यांदेखत सुटली. समुद्राकाठचा किल्ला गाठला, तर दुरुस्तीसाठी बंद. लेक म्हणाली, “बरं झालं, बाहेरून तर दिसला.” आईनं लगेच री ओढली, आत तरी काय, दगडच असणार. चहा कोमट मिळाला, तर आई म्हणाली, जीभ तरी भाजली नाही. दिवसभर तिनं वाकडा शब्द काढला नाही. लेकीनं आणलेले नवे पांढरे बूट घालून ती तिच्या मागे मागे चालत राहिली.

रड होती ती बाबांची. बाकडं दिसलं की बसलेच. गुडघा धरलाय. धाप लागलीय. ती बोट जरा नीट बघू दे. लेक चला म्हणायची, आई निघायला बघायची, आणि बाबा आईचा हात धरून तिला शेजारी बसवायचे. “बस गं. एकट्यानं बसायची लाज वाटते.”

किल्ला नाही तर नाही, निदान टेकडीवरून सूर्यास्त तरी दाखवू, म्हणून लेकीनं चढ धरला. अर्ध्या वाटेवर बाबांनी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसकण मारली. सूर्य हातचा चाललेला. लेकीचं डोकं सणकलं.

“तुम्हाला घरीच ठेवायला हवं होतं. आई बघा, एक शब्द तरी बोलली का? आम्ही दोघीच आलो असतो, तर धड दिवस गेला असता.”

बाबांनी तोंड उघडलं. आईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी ते मिटलं.

“चुकलंच माझं,” ते म्हणाले, आणि बॅगेचा पट्टा सारखा करत बसले.

सूर्यास्त कुणीच पाहिला नाही.

परतीच्या गाडीत बाबांना बसल्या बसल्या झोप लागली. तोंड उघडं, बॅग मांडीवर. लेक खिडकीकडे तोंड करून होती. काचेत तिला आई दिसली. कुणी बघत नाही असं वाटून ती वाकली आणि बुटातून टाच हळूच बाहेर काढायला लागली. निघेना. मोजा टाचेला चिकटला होता आणि तिथं लालकाळा झाला होता.

लेक खाली बसली. पाय हातात घेतला. बोटं एकमेकांवर चढलेली, करंगळीची कातडी सोललेली.

“कधीपासून?”

“सकाळी जिन्यातच कळलं. सुजतो गं पाय हल्ली.”

लेक घरी होती तेव्हा मायलेकींत चपलांचा एकच चांगला जोड होता. बाहेर जाईल तिनं घालायचा. त्यामुळे दुकानात लेकीनं माप विचारलंच नव्हतं. स्वतःच्या पायात बूट चढवले, चार पावलं चालून बघितली, आणि बांधून घेतले. आता स्वतःचे काढून द्यावेत तर तेही त्याच मापाचे.

“बोलली का नाहीस?”

“तू एवढ्या हौसेनं आणलेले.” आईनं बाबांकडे बघून आवाज खाली केला. “यांना तेवढं सांगितलं होतं. आणि शपथ घातली, पोरीला कळता कामा नये. मग हे काय करतात, आपलेच गुडघे पुढे करायला लागले.”

लेकीनं बाबांकडे पाहिलं. पट्ट्यानं मानेवर लाल वळ उठला होता.

स्टेशन आलं. गाडी थांबायच्या आत तिनं बॅग उचलायला हात घातला. बाबांनी अर्धवट झोपेतच पट्टा आवळून धरला.

“राहू दे,” ते म्हणाले. “कुरकुर मी केली होती.”