खालचं न्याकांबा

“न्याकांबा कोरडं आहे म्हणतात ते. आम्ही खोटं बोलतोय म्हणतात,” म्हातारा म्हणाला. “छावणीतून हाकलतायत, पोरी. तुमच्या गावाला जा म्हणतात. गाव कुठाय? नदीत.”

तियामिकेनं त्याला खुर्ची दिली होती, तरी तो कडेलाच टेकला होता. लायटोनी त्याचं नाव. शिरे नदीच्या काठावरून मिनीबस बदलत तो ब्लँटायर शहरातल्या या पूरमदत कचेरीत पोचला होता, कारण छावणीवरच्या माणसानं हात वर केले होते: संगणकात दिसतं तेच आम्ही धरणार. आणि संगणकातली ही गावांची माहिती जोडायचं, दुरुस्त करायचं काम तियामिकेचं होतं.

तिनं स्क्रीनवर न्याकांबा काढलं. एक वर्तुळ, त्यातून रेघा निघून विहिरींना, शाळेला, घरांना, माणसांना भिडलेल्या. बाजूच्या नकाशात गाव टेकड्यांत दिसत होतं, नदीपासून लांब.

“हे आमचं नव्हे. हे वरचं न्याकांबा. आमचं खालचं.”

तिला आठवलं. पावसाळ्याआधी प्रोग्रामनंच तिला सुचवलं होतं: ही दोन गावं एकच आहेत का? नाव एक, मूळ पुरुष एक. एक वर्तुळ माऊसनं ओढायचं आणि दुसऱ्यावर सोडायचं, की झालं दोनाचं एक. त्या आठवड्यात तिनं अशी कितीतरी जोडून टाकली होती. सगळं कसं सुटसुटीत झालं म्हणून कचेरीत तिचं कौतुकही झालं होतं.

“पुरात बोटी पण वरच्या गावात गेल्या,” लायटोनी सांगत होता. “तिथं पाऊल बुडेल एवढंही पाणी नव्हतं. पोरं ट्रकवरच्या बोटीत चढून फोटो काढून घेत होती. माझा साडू राहतो तिथं, तोच म्हणाला.” तो थांबला. “हे एक कोणी केलं?”

कोणी काय बदललं ते प्रोग्राम लक्षात ठेवतो. ‘प्रोग्रामनंच सुचवलं’ असं म्हणता आलं असतं, पण तिला तो आडोसा नकोच होता.

“मी केलं, बाबा.”



“दोन भाऊ भांडून वेगळे झाले,” तो म्हणाला, “आणि दोघांनीही गावाला बापाचंच नाव दिलं. तू तरी काय करशील? आता वेगळं कर. शनिवारी तंबू उखडणार आहेत ते.”

जोडायला एक हिसका पुरला होता. सुटं करायला तसं काही नव्हतं. तिनं नवं वर्तुळ काढलं आणि एकेक गोष्ट विचारून त्याला जोडायला घेतली.

“ही विहीर कोणाची?”

“आमची. बुजली.”

“शाळा?”

“आमचीच. आता नाही.”

“मक्याची गिरणी?”

“आमची. तिचा पट्टा तेवढा सापडला, झाडावर.”

ती प्रत्येकापुढे खूण करत गेली: नष्ट. मग घरं. मग माणसं. काही नावांपाशी तो नुसतीच मान हलवायचा आणि ती पुढचं न विचारता ‘मृत’ अशी खूण करायची. ‘आनेफी’ हे नाव आलं तेव्हा तो म्हणाला, “ही माझी बायको,” आणि खिडकीकडे तोंड केलं.

सगळं भरून झाल्यावर तिनं प्रोग्रामला पडताळा घ्यायला लावला. क्षणभर काहीच झालं नाही. मग खालचं न्याकांबा राखाडी झालं आणि आपलं आपणच सरकून दुसऱ्या गटात जाऊन बसलं. उजाड गावं. उजाड गावाला रहिवासी नसतात. छावणीतल्या माणसांच्या नावांना जाणाऱ्या रेघा एकामागून एक पुसट झाल्या.

“काय झालं?” लायटोनी पुढे वाकला.

तिनं सांगितलं: संगणकात आता या गावचं कोणीच नाही, म्हणजे छावणीतही तुम्हाला कोणी धरणार नाही.

“कोणी लिहिलं असं?”

“कोणीच नाही. घर नाही, पाणी नाही, शाळा नाही, म्हणजे गाव उजाड, हे आपण भरलं त्यावरून प्रोग्रामनंच ताडलं.”

“मग खोड ते.”

लिहिलेली ओळ खोडता येते. ही ओळ कोणी लिहिलीच नव्हती. ती खोडायची कशी? नियम बदलायचा हक्क राजधानीतल्या, लिलाँग्वेच्या समितीला होता आणि समिती पुढच्या महिन्यात बसणार होती.

“मग सांग त्याला, आम्ही आहोत,” तो म्हणाला. “मी इथं बसलोय की.”

तियामिकेनं उठून दार लोटलं. परत येऊन तिनं खुर्ची त्याच्या जवळ ओढली आणि माऊसवर हात ठेवला.

“बाबा, एखादं घर उभं असेल ना? एखादी विहीर? नुसतं हो म्हणा. पुढचं मी बघते.”

त्याला कळलं. त्यानं डोळे मिटले. ओठ हलत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो गावातून चालत होता, प्रत्येक दारापाशी थांबत.

“नाही,” तो म्हणाला.

“म्हणा ना हो.”

“आणि कोणी बघायला आलं म्हणजे? मग म्हणतील, बघा, खोटारडेच निघाले.” त्यानं डोळे उघडले. “एक राहिलंय पण. कबरींची राई. उंचवट्यावर आहे. तिथली झाडं आम्ही कधी तोडत नाही, त्यांनी माती धरून ठेवली.”

तिनं माऊसवरचा हात काढून घेतला.

“कबरी चालत नाहीत, बाबा. राहती जागा लागते.”

“राहती नाही कशी?” लायटोनी म्हणाला. “आमची बहुतेक माणसं आता तिथंच राहायला गेलीत.”