ऑगस्टच्या सोमवारचे नाव

“टोरोंटोवाल्यांचा सिमको दिवस, अल्बर्टावाल्यांचा वारसा दिवस, हॅलिफॅक्सवाले तर शहराचा वाढदिवस करतात,” पंचायतीचा प्रमुख क्लिफर्ड म्हणाला. “सोमवार तोच, सुट्टी तीच. आपणच तेवढे ‘नागरी सुट्टी’ म्हणत बसतो. बिनबारशाच्या पोरासारखं वाटतं.”

सभागृहात हशा पिकला. पहिल्या रांगेतील ऑर्व्हल डनमोर मात्र हसला नाही. पुढे कोणते नाव येणार, हे त्याला ठाऊक होते.

अठराशे एक्क्याऐंशी सालच्या वणव्यात त्याचे आजोबा सायलस डनमोर यांनी लाकूडगिरणीच्या मोठ्या नावेतून तीन खेपा करून अवघे केटलफोर्ड गाव सरोवरापार सुखरूप पोहोचविले, अशी कथा शाळेत शिकविली जात असे. तिला आता अठ्ठ्याण्णव वर्षे होत आली होती.

“सायलस डनमोर दिवस,” क्लिफर्ड म्हणाला. “धक्क्यावर तशी पाटीही लावू. कोणाची हरकत?”

प्रत्येक ठरावाला आडवी जाणारी नव्वद वर्षांची व्हर्ना टॉलिव्हर, तिनेच सर्वांआधी अनुमोदनाचा हात वर केला. दुसरे नाव कोणीही सुचविले नाही.

ऑर्व्हलने घरी येऊन टोपी काढली आणि तो तसाच उभा राहिला.

“आता का तोंड पाडलंय?” पत्नी एडनाने विचारले. “लोक तुझ्या आजोबांच्या नावाची सुट्टी करताहेत. माझ्या आजोबांच्या नावाने कोणी बाकडंसुद्धा ठेवलं नाही.”

त्याने प्रथमच तिला ते सांगितले. त्याच्या लहानपणी, मरणापूर्वी आजोबांनी त्याचा हात घट्ट धरला होता. “खेप एकच झाली,” ते म्हणाले होते. “माणसं धक्क्यावरून हाका मारत होती. सुकाणू माझ्या हातात होतं. मी वळलो नाही.”

एडनाने त्याच्या हातातली टोपी घेऊन खुंटीला अडकवली. “मग तीन खेपा कोणी रचल्या?”

“त्यांनीच रचल्या असतील. आणि धक्क्यावरची माणसं गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून वाचली असतील, तर मोठ्या मनाने गप्प बसली असतील. त्यांचीच नातवंडं रोज मला नमस्कार करतात, एडना. माझे केस पांढरे झाले, पण त्यांच्या नजरेला नजर देणं मला जमत नाही.”

“मग गप्प राहा. सत्तर वर्षं राहिलास ना?”

“तेव्हा पाटी नव्हती.”

ऑगस्टचा पहिला सोमवार उजाडला. धक्क्याजवळ मंडप उभा राहिला, मक्याची कणसे उकडली, टेबलांवर गोड बटर टार्टच्या थाळ्या मांडल्या गेल्या. नव्या पाटीवर निळे कापड होते. क्लिफर्डने ऑर्व्हलच्या हाती त्याची दोरी दिली.

ऑर्व्हलने ती ओढली नाही. तो ध्वनिक्षेपकापाशी गेला.

“हे नाव देऊ नका,” तो म्हणाला. “तीन खेपा झाल्याच नाहीत. माझा आजा तुमच्या आजीआजोबांना याच धक्क्यावर, जाळाच्या तोंडी सोडून एकटा पळाला. त्याच्या वतीने मी तुमची सर्वांची माफी मागतो.”

कोणीही ओरडले नाही. मघापासून त्याच्याकडे कौतुकाने पाहणारी माणसे एकाएकी आपल्या बुटांकडे पाहू लागली. क्लिफर्डने हळूच हात पुढे करून ध्वनिक्षेपक बंद केला. आपल्यावरील रागामुळेच हे मौन आहे, असे ऑर्व्हलला वाटले आणि तो ते मान खाली घालून सोसू लागला.

व्हर्ना काठी टेकीत त्याच्यापाशी आली. तिने त्याच्या हातातून दोरी सोडवून घेतली.

“खाली बस, बाळा,” ती म्हणाली. “धक्क्यावरचं कोणीच वाचलं नाही. आम्हा सगळ्यांची माणसं तुझ्या आजोबांच्या नावेत वल्ही मारत होती.”