घुबडवाले आणि झेब्रावाले

“कुठल्या गाढवानं हे तुमच्या गळ्यात मारलं, मॅडम?” टायवाल्यानं संगणकाच्या पडद्यावर बोट आपटत विचारलं.

“तुम्हीच,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

टायवाल्यानं बोट मागे घेतलं. वर्षापूर्वी तो शेजारच्या खुर्चीत बसला होता, तेव्हा झेब्रा या संगणक कंपनीचा होता. आज त्याच्या छातीवर घुबड होतं. आणि शेजारचा दाढीवाला, जो तेव्हा घुबड कंपनीची वकिली करता करता घामाघूम झाला होता, तो आज झेब्र्याचा बिल्ला लावून आला होता. तोंडं तीच, आवाज तेच. मतं तेवढी इकडची तिकडे गेलेली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काही फरक पडला नाही.

पडद्यावर ओळीच्या ओळी नुसते चौकोन होते. परवापर्यंत त्या जागी वाचनालयातल्या बाराशे पुस्तकांची यादी होती, बाईंनी सहा महिने एका बोटानं टाइप केलेली. गुरुवारी झेब्र्याची नवी सिस्टीम आपली आपण येऊन बसली, आणि ती जुन्या यादीला ओळखच देईना. सोमवारी समिती यादी बघायला येणार होती. यादी नसेल तर वाचनालयाला कुलूप, हे अध्यक्षांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं. म्हणून शनिवारी सकाळीच बाईंनी दोन्ही कंपन्यांची माणसं बोलावली. जो यादी परत मिळवून देईल, त्याच्या नव्या मशीनच्या ऑर्डरवर सही.

“सोपं आहे,” टायवाला म्हणाला. “घुबडावर या. हे झेब्रावाले माणसाला एकदा आत घेतलं की बाहेर सोडत नाहीत.”

“मागच्या वर्षी तुम्ही हेच घुबडाबद्दल सांगितलंत.”

“तेव्हा ते खरं होतं.”

“आणि आता?”

“आता मी तिथे आहे ना!”

दाढीवाला खो खो हसला. “यांचं ऐकू नका, हे मी तेव्हाच बजावलं होतं, मॅडम.”

“हो. आणि झेब्रा म्हणजे पट्टे रंगवलेलं खेचर, असंही म्हणाला होतात.”

“मी? छे! म्हणजे... ते जुन्या झेब्र्याबद्दल.”

“मग नव्यात माझी यादी का उघडत नाही?”

“यादी जुनी झाली हो. सहा महिन्यांपूर्वीची.”

“पुस्तकं साठ वर्षांची आहेत. ती उघडतात.”

कोपऱ्यात एकच पेपर रोज तीन तास वाचणारे काका बसले होते. पेपर खाली न करताच ते म्हणाले, “बाई, दोघांच्या खुर्च्या बदला. मग जुळेल.”

बाईंचं डोकं इतकं गरगरत होतं, की त्यांना ते पटलं. “उठा बघू,” त्या म्हणाल्या. खोटं वाटेल, पण दोघे मुकाट्यानं उठले आणि एकमेकांच्या, म्हणजे मागच्या वर्षीच्या आपापल्या जागी बसले. भांडण पुन्हा पेटलं आणि तिथे सवयीनं घात केला. टायवाला बोलता बोलता झेब्र्याच्या वेगाचे गोडवे गाऊ लागला. दाढीवाला घुबडाच्या तीक्ष्ण नजरेची शपथ घेऊ लागला. मध्येच दोघांना आपली चूक कळली, आणि दोघांनी एकाच क्षणी पक्ष बदलला. त्यामुळे भांडण जसंच्या तसं राहिलं. टायवाला तर मान वाकवून स्वतःच्याच छातीवरचा बिल्ला वाचताना दिसला.

“मी एकच विचारते,” बाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. “माझी पुस्तकं यातून बाहेर कोण काढणार?”

“मशीन झेब्र्याचं. झेब्र्याचे हे.” टायवाल्यानं दाढीवाल्याकडे बोट केलं.

“पण विकलं कोणी?” दाढीवाल्यानं बोट परतवलं.



बाईंनी कपाटातून दोन कोऱ्या वह्या काढून दोघांपुढे टाकल्या. “सही हवीय ना? ती बघा कपाटं. लिहा.”

सही समोर दिसली की माणूस काय करत नाही! दोघांनी बाह्या सरसावल्या. एक खिडकीकडून सुटला, एक दाराकडून. जेवायलासुद्धा कोणी उठलं नाही. काकांनी पेपर खाली ठेवला, हे जरा विशेषच होतं. दोन्ही बाजूंनी कपाटं मागे पडू लागली, तसं बाईंना हायसं वाटू लागलं.

पाच वाजता दोघे मधल्या कपाटापाशी भेटले. बाईंनी वह्या हातात घेतल्या.

टायवाल्यानं लेखकाचं आडनाव आधी घेतलं होतं, पुस्तकाचं नाव मागाहून, आणि प्रत्येक पुस्तकाला आपल्या मनानं एक लांबलचक आकडा दिला होता. दाढीवाल्यानं पुस्तकाचं नाव आधी घेतलं होतं, लेखकाची फक्त आद्याक्षरं, आणि आकड्याच्या जागी कव्हरचा रंग. मधल्या कपाटातली पुस्तकं दोघांच्याही वहीत होती. पण ती तीच पुस्तकं आहेत, असं समितीला शपथेवर सांगूनही पटलं नसतं.

“माझी पद्धत सोपी आहे, मॅडम,” टायवाला म्हणाला. “या वहीत त्यांची वही सहज उतरवून घेता येईल.”

“यांची पद्धत पुढे बंद पडणार,” दाढीवाला म्हणाला. “त्यापेक्षा यांची वही माझ्या वहीत उतरवा.”

बाईंनी एकदा या वहीकडे, एकदा त्या वहीकडे बघितलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, खणातून तिसरी वही काढली, पहिलं पान उघडलं आणि पट्टी ठेवून समास आखला.

टायवाला आणि दाढीवाला दचकून जवळ आले.

“ही कुठल्या कंपनीची?” दोघांनी एकदम विचारलं.