अभ्यासपूर्ण निषेध

वडिलांनी एकाला खिडकीत टिपलं, दुसऱ्याला जिन्यात, आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून वहीत लाल शाईने नोंद केली : 'लेव्हल सहा. आपला सैनिक पळताना दाखवला आहे.' मग पुन्हा बंदूक हातात घेतली.

खेळ परदेशी कंपनीचा होता, देश आपला. खेळणाऱ्याने परक्या सैनिकाच्या वेषात यायचं आणि आपल्याच राजधानीत आपल्याच माणसांना गोळ्या घालत संसदेपर्यंत पोचायचं. मंत्र्यांनी खेळ न पाहताच बंदी मागितली होती. ते वडिलांना पटलं नव्हतं. उत्तरपत्रिका न वाचता शेरा मारायचा नाही, ही मुख्याध्यापकाची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. उद्याच्या मोर्चाचं निवेदन लिहायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ध्वजाचा अवमान नवव्या लेव्हलला आहे असं ऐकिवात होतं. तिथवर जायचं तर मधल्या आठ पार करणं आलं. मंगळवारपासून देशप्रेमापोटी त्यांनी दोनशेच्या वर देशबांधव मारले होते. सुरुवातीला स्वतःच मरायचे. आता हात बसला होता.

गोळ्यांच्या आवाजाने कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून ते काढून डबीत ठेवलेलं, आणि मग ऐकू येत नाही म्हणून टीव्हीचा आवाज होता तेवढा वाढवलेला.

रविवारचा जेवायला आलेला धाकटा मुलगा सोफ्याच्या कडेला बसला होता. आल्यापासून त्याने पाठ टेकली नव्हती.

पडद्यावर पिंपामागचा सैनिक कोसळला. "आई," तो म्हणाला.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात अर्धी सोललेली वाटाण्याची शेंग. "काय रे?"

"मी नाही," धाकटा म्हणाला. "टीव्ही."

ती आत गेली. वडिलांनी वहीत एक रेघ मारली. हाक त्यांना ऐकू येत नसली तरी पडद्याच्या तळाशी अक्षरांत उमटायची. 'मातृशब्दाचा अवमान' या मथळ्याखाली अशा सतरा रेघा झाल्या होत्या.

धाकटा आवाजाची कामं करायचा. बँकेच्या फोनवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणायचा, मोठ्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये मजले सांगायचा. आई पाहुण्यांना तब्येत बरी असतानाही त्या लिफ्टमधून फिरवून आणायची. सहा महिन्यांपूर्वी एका दुपारी, काचेच्या खोलीत माइकसमोर, तो एकेचाळीस वेळा मेला होता : गोळीने, आगीने, गच्चीवरून पडून. घरी त्याने प्रशिक्षणाची फिल्म आहे म्हणून सांगितलं. मारणारे कोण, हे त्याला विचारावं लागलं नव्हतं. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. काचेपलीकडच्या बाईने विचारलं, तुमच्यात माणूस मरताना काय म्हणतो? त्याने म्हणून दाखवलं. छान आहे, ती म्हणाली, फक्त माया जरा कमी करा.

पुन्हा हाक आली. आई पुन्हा बाहेर आली, पण या वेळी तिने धाकट्याकडे पाहिलं नाही, टीव्हीकडे पाहिलं. वडिलांनी आणखी दोघांना लोळवलं. दोघांनीही तिला हाक मारली. ती वाटाण्यांचं ताट घेऊन आली आणि धाकट्याशेजारी बसली. चार शेंगा सोलून झाल्या.

"हा शेवटचा," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी जेवला नव्हतास का?"

धाकटा ताटाकडे बघत राहिला. "साडेचारला जेवलो."

"तरीच," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

वडिलांनी खेळ थांबवला. वहीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि धाकट्यापुढे धरला. घरात इतका चांगला आवाज असताना निवेदन दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्यांचं म्हणणं पडलं. उद्या माइकवर त्यानेच वाचायचं. आत्ता एकदा वाचून दाखव, म्हणाले, आणि ऐकण्यासाठी मशीन कानात घातलं.

धाकट्याने वाचलं. चांगलंच वाचलं, पोटापाण्याचं काम होतं ते. शेवटच्या परिच्छेदाआधी त्याने योग्य तेवढा थांबा घेतला.

"आणि ज्या कुणी आपला आवाज शत्रूच्या झोळीत टाकला, त्याला ही भाषा कधीही आपला म्हणणार नाही."

"उत्तम," वडील म्हणाले. "फक्त 'कुणी'वर जोर दे. लोकांनी माना वळवून शोधलं पाहिजे, कोण तो."

धाकट्याने जोर देऊन पुन्हा वाचलं. वडिलांनी मान डोलावली, शाळेत पहिला आलेल्याला बघून डोलावायचे तशी. त्या समाधानात मशीन काढायचं राहून गेलं. त्यांनी कंट्रोलर घेतला, कोपऱ्यावर वळले आणि भिंतीला टेकलेल्या सैनिकावर नेम धरून गोळी झाडली.

"आई."

वडिलांचा अंगठा बटणावर थांबला. सैनिक लगेच मेला नाही; तसं त्या बाईने मुद्दाम करून घेतलं होतं. भिंतीवरून घसरत तो आणखी एकदा म्हणाला, हळू, घरातल्या घरात म्हणावं तसं.

वडिलांनी धाकट्याकडे पाहिलं नाही. त्यांनी टीव्ही बंद केला. लाल पेन उचललं, रेघ मारली नाही, टोपण लावलं. कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं आणि झाकण नीट लागेपर्यंत दाबून धरलं. मग हात पुढे करून धाकट्याच्या हातातला कागद काढून घेतला.

आवाज बंद झाला तशी आई दारात येऊन उभी राहिली.

"याचा घसा बसलाय," वडील तिला म्हणाले, गरजेपेक्षा फार मोठ्याने. "उद्या मीच वाचतो."