डाव्या हाताचा सेट

"डावा? अख्खा सेट?" भाच्याने ऑर्डरच्या वहीतून मान वर केली. "मावशी, पाच वर्षांत डाव्या हाताचे दोन सेट खपलेत आपले. धूळ खात पडेल."

"नाही पडणार. दार लाव आधी."

त्याने दार लावलं. पलीकडे कारागीर गोल्फच्या जुन्या काठ्यांना नवी ग्रिप चढवत होते, त्यांची ठोकठाक मंद झाली.

मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची होती. गोल्फच्या सामानाचं हे दुकान तिने एकटीच्या हिमतीवर चालवलं होतं. गोल्फ शिकवणारा तिचा नवरा चार वर्षांच्या मुलाला घेऊन बोटीत बसला आणि परत आला नाही, त्याला छत्तीस वर्षं झाली. भाचा तेव्हा जन्मलाही नव्हता. दरवर्षी ती मुलाचा फोटो छापून जाहिरात द्यायची. दोन महिन्यांपूर्वी एक चाळिशीचा माणूस दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "आई."

त्याला मांजरीचं नाव माहीत होतं. निळी झुलती खुर्ची आठवत होती.

"त्या गोष्टी तू येईल-जाईल त्याला सांगत आलीयेस," भाचा म्हणाला. "मी सरळ बोलतो, राग मानू नकोस. मला तो पटत नाही."

"वकील म्हणतात, रक्ताची तपासणी करा."

भाच्याने वही मिटली. "पोटच्या पोराचं रक्त काढायचं? खरा असला आणि दुखावून निघून गेला, तर पुन्हा किती वर्षं वाट बघणार? त्यापेक्षा एखादी खूण असेल ना, फक्त आईला ठाऊक असलेली?"

"म्हणूनच हा सेट." तिने आवाज खाली आणला. "तो डावखुरा होता. जाहिरातीत मी कधी दिलं नाही, कुणापाशी बोलले नाही. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

"माय मरो, मावशी जगो म्हणतात," भाचा हसला. "माझी माय गेली, मावशी उरली. तुझं गुपित माझ्या पोटात."

मृत्युपत्र साधं होतं. मुलगा सापडला तर दुकान त्याचं. तिच्या पंचाहत्तरीपर्यंत नाही सापडला, तर कारागिरांचं. "आणि मला काय?" भाचा चेष्टेने विचारायचा. "तुला पगार आहे की, मेल्या!" ती म्हणायची, आणि दोघंही हसायचे. पंचाहत्तरीला आता दोन महिने उरले होते.

सेट यायला सहा आठवडे लागले. तोवर तो माणूस रोज संध्याकाळी चहाला येत राहिला. एकदा त्याच्या तळहाताला पट्ट्या दिसल्या.

"हे काय रे?"

"घरमालकाच्या बागेत कुदळ मारली, आई. सवय नाही."

तिने त्याला मलम दिलं. तो गेल्यावर बराच वेळ त्याच्या कपाकडे बघत बसली. कपाळ तर अगदी बापासारखं होतं. तो खरा निघावा म्हणून त्या सहा आठवड्यांत तिने काय काय विनवलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

सुट्टीच्या सकाळी तिने मागच्या खोलीत सरावाची जाळी लावली. भिंतीशी काठ्यांच्या अकरा पिशव्या ठेवल्या. दहा उजव्या, एक डावी. गोल्फच्या काठीला चेंडू मारायचं एकच तोंड असतं. उलट्या हाताची काठी घेऊन उभं राहिलं, तर चेंडूला तिची पाठ लागते.

"तुझा बाप शिकवायचा ना?" ती त्या माणसाला म्हणाली. "मग मार बघू. हवी ती काठी घे."

टोपलीत हातमोजे होते. उजवे खेळाडू डाव्या हातात मोजा घालतात, डावखुरे उजव्या. त्याने दोन-तीन उचलून बघितले आणि एक उजव्या हातात चढवला. एका पिशवीतली काठी काढली, मान हलवून परत ठेवली. दुसरीही ठेवली. अकराव्या पिशवीपाशी मात्र थांबला.

चेंडू जाळीत सणकून बसला.

"बाबा फार ओरडायचे," तो लाजून म्हणाला. "पण मी डावखुरा तो डावखुराच राहिलो, आई."

दाराशी उभ्या भाच्याने डोळे पुसले. "मावशी, मी हरलो. माझी शंका फिटली. आता दुकानाच्या कागदांवर सही करून टाक."

मावशी कपाटाकडे वळली.

"थांबा दोघं. आणते."

कपाटाची किल्ली तिच्या गळ्यातच असायची. आतून तिने कागद काढले नाहीत. जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. हातभर लांबीची, कापून लहान केलेली काठी होती ती.

"त्याच्या बापाने त्याच्यासाठी केलेली," ती म्हणाली. "दिवसभर भिंतीवर चेंडू मारायचा. वर्षभरात तोंड झिजवून गुळगुळीत केलं पोराने. आजवर कुणाला दाखवली नाही. घे, धर."

त्याने ती काठी घेतली. वाकून, आता सवयीच्या झालेल्या बाजूला उभं राहून, चेंडूमागे टेकवली.

चेंडूला काठीची पाठ लागली. झिजलेलं तोंड पलीकडे होतं.

मावशीने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"डावखुरा," ती भाच्याला म्हणाली, "हे मी फक्त तुलाच सांगितलं होतं, बाळा."