भावकीची सही

नातीच्या कुणबी दाखल्यासाठी अर्जुनरावांनी सहा महिने पाटोद्याला चकरा मारल्या. खानेसुमारीची जुनी कागदं झाली, भाटाच्या वहीतल्या लग्नाच्या नोंदी झाल्या. त्यांच्या पणजोबाचं नाव कुठंच नव्हतं. शेवटी १८८१ सालच्या नोंदीत 'कुणबी' म्हणून सापडला तो पणजोबाचा सख्खा भाऊ, म्हणजे शेजारच्या छबुबाईच्या नवऱ्याचा पणजोबा. आता वंशावळीवर छबुबाईची सही पाहिजे होती.

दोन्ही घरांमधली भिंत एकच, तरी अर्जुनराव वीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या ओट्यावर चढले.

"वैनी, आपलं रक्त एकच हाय. सही करा तेवढी."

छबुबाईनं पेटीतून लॅमिनेशन केलेला कागद आणला अन् त्यांच्या पुढ्यात टाकला. चार एकरांच्या खटल्याचा निकाल होता तो.

"वाचा. 'हिचा नवरा आमच्या खानदानातला न्हाई,' असं शपथेवर सांगितलंतं तुमी. केस बी तुमीच जिंकलता."

छबुबाईनं आत तोंड करून सुनेला हाक मारली.



"योगिता, पाहुण्याला पाणी दे गं. लई लांबून आलेत."