वरचा माणूस

वीज बंद करून फिटर पॅनेलमध्ये दोन्ही हात घालून तांब्याच्या पट्ट्या आवळत होता, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा ऑपरेटर तणतणत खाली आला.

"काम झालं ना? मघापासून स्विच चालू करायला बघतोय. किल्ली कुठंय?"

फिटरने खिसा चाचपला. किल्ली त्याच्याकडेच होती, आणि ती लावल्याशिवाय वरचा स्विच हलत नसे. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

स्विचना ही किल्लीची कुलपं हट्टाने बसवून घेणाऱ्या जुन्या सुपरवायझरची कारखानाभर 'किल्लीवाले काका' म्हणून टर उडायची, आणि त्यात फिटर सगळ्यांच्या पुढे. त्या संध्याकाळी तो वाट वाकडी करून निवृत्त काकांच्या घरी गेला.

"काका, तुमच्यामुळे आज धडधाकट घरी चाललोय."

काकांनी त्याचे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले.

"ऑपरेटरलाही आणायचंस. तोही वाचला."

"तो कसा? तो तर वर होता."

"एकदा मीही असाच वर होतो," काका म्हणाले, "आणि खाली माझा जोडीदार. तेव्हा ही किल्ली नव्हती."